खिळ्यावरची पॅकिंगं

गॅरेजवाल्याकडे दोन गोष्टी आपोआप साचतात. काळं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला महिन्यातून एकदा माणूस येतो. किस्से कोण नेणार? ते आमच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहेत.

म्हणजे टांगलेली आहेत ती जुनी हेड गॅस्केटं. आमच्या भाषेत पॅकिंग. इंजिनाचं हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसणारा तांब्याचा पातळ पत्रा, मधोमध मोठं भोक. तो जळला की इंजिन फुसफुसतं, आणि किक मारून मारून मालक फुसफुसतो. पनवेलला जुन्या हायवेच्या कडेला मी इतकी वर्षं हेच करतोय. जुन्या साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकली, आणि त्यांचे त्याहून जुने मालक! शेजारी हुसेनभाईंचं लेथचं दुकान. बाजारात पॅकिंग मिळालं नाही की ते पत्र्यातून कापून देतात. कुठलं घालायचं ते मी ठरवतो. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं ठरवायचं?

*

खारघरचे एक साहेब आहेत. हुसेनभाईंनी कापलेलं पॅकिंग त्यांनी दोन बोटांत मेलेल्या पालीसारखं धरलं. "हे? माझ्या गाडीत? मला ओरिजिनल पाहिजे!"

मग नेटवरून थेट इंग्लंडहून मागवलं. दोन महिने गाडी माझ्याकडे उघडी पडून. शेवटी पार्सल आलं. चकचकीत पाकीट, वर तिकडचा झेंडा. साहेबांनी हात धुऊन ते फोडलं.

हुसेनभाईंनी पॅकिंग उजेडात धरलं. कडेला कानशीची बारीक खाच. ही खाच ते स्वतः प्रत्येक पॅकिंगला मारतात, वरची बाजू कळावी म्हणून. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला ते गठ्ठ्यानं माल देतात. तो पुढं कुठं पाठवतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"विनूभाई, ये तो अपनाच बच्चा है! बोटीनं गेला, विमानानं आला!"

साहेबांनी पाकिटावरचा झेंडा परत एकदा बघितला. मग म्हणाले, "तरी पण यांचं फिनिशिंग वेगळं असतं."

हुसेनभाई हसले. मला नाही हसू आलं. हा माणूस जन्मभर कोपऱ्यात पत्रे कापतोय, आणि एकाही पाकिटावर त्याचं नाव नाही.

*

दुसरे एक वकील. तांब्याचं पॅकिंग लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं, परत वापरता येतं. मी तेच केलं. "जुनंच घालताय? मला नवीन हवं!" म्हणून तीन दिवस भांडले. चौथ्या दिवशी मी तेच पॅकिंग एका रिकाम्या पाकिटात घातलं आणि त्यांच्यासमोर पाकीट फोडलं.

"आता कसं!" म्हणाले. गाडी अजून मस्त चालतेय. माझ्या धंद्यात खरं बोलून कुणाचं समाधान झालेलं मी बघितलेलं नाही.

*

जनार्दनचं गाव विमानतळात गेलं. पैसा आला, तशी त्यानं बापाची गाडी माझ्याकडे आणून टाकली. क्रोम नवं, रंग नवा, सीट नवी. हेड बसवायची वेळ आली तसं मी विचारलं, "पॅकिंग तांब्याचं घालू की साधं?"

"पॅकिंग कशाला? नको घालू."

"मग चालू कशी होणार?"

"चालू नाय करायची. पोराच्या हलदीला मांडवान उभी करायची हाय. फोटू काढाला."

मी तापलो. "अरे, तुझा बाप हिच्यावर बसवून तुला शाळेत सोडायचा!"

"सोडायचा ना. पन आता मी चालवून जाव कुठं? रस्ता ज्या गावाला जायचा तो गावच नाय ऱ्हायला."

मी पॅकिंग न घालताच नट आवळले. त्याचं जुनं पॅकिंग तेवढं खिळ्यावर आहे.

*

सॅमसनकाका आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. न्हावा शेव्याला एका शिपिंग ऑफिसात हेडक्लार्क होते. शनिवार त्यांच्या यहुदी धर्मात विश्रांतीचा, तो सोडला तर रोज गाडीवर. त्यांचे नातेवाईक एकेक करत इस्रायलला गेले. मुलगा डॅनियलही गेला. दर फोनला तो म्हणायचा, तुम्ही दोघं आता इकडे या. काका म्हणायचे, पनवेल सोडणार नाही. शेवटी रिबेकाकाकूंनी निकाल दिला, तोही माझ्या गॅरेजात उभं राहून.

"हे जोवर स्वतःच्या पायानं ही गाडी चालू करतील, तोवर आपण इथं. ज्या दिवशी किक बसली नाही, त्या दिवशी तिकीट. मी डॅनियलला शब्द दिलाय!"

मला काकूंचा राग आला. स्वतःला नातवंडांकडे जायचंय, आणि सगळं नवऱ्याच्या गुडघ्यावर टाकून मोकळ्या!

गुडघा तर कामातून गेलेलाच होता. त्याच वर्षी काकांच्या गाडीचं पॅकिंग जळलं. मी हुसेनभाईंना हळूच म्हटलं, "जरा जाड कापा." जाड पॅकिंगनं हेड वर उचललं जातं, कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब उतरतो, किक मऊ लागते. गाडीची ताकदही उतरते, पण काकांना कुठं घाट चढायचा होता?

काकांनी किक मारली. पहिल्या फटक्यात चालू!

"बघितलंस विनायक? पनवेलचा पाय आहे हा!"

*

दर वर्षी काकांचा पाय उतरत गेला आणि दर वर्षी मी काहीतरी निमित्त काढून हेड खोलत गेलो. पॅकिंग आणखी जाड. काका म्हणायचे, "हल्ली ओढत नाही रे." मी म्हणायचो, "पेट्रोल भेसळीचं येतं, काका!"

खारघरचे साहेब घामाघूम होऊन स्वतःच्या गाडीला किका मारत असायचे. शेजारी काका चपलेच्या टाचेनं आपली चालू करायचे आणि विचारायचे, "जिमला कशाला जाता हो?"

हुसेनभाई माझ्या कानात म्हणायचे, "विनूभाई, अब इंजन कम, पॅकिंग ज्यादा है!"

यहुद्यांच्या नव्या वर्षाला रिबेकाकाकू गव्हाच्या चिकाचा हलवा करतात. सात वर्षं त्या स्वतः डबा घेऊन गॅरेजवर आल्या. "तुझं काम चांगलं असतं हो, विनायक." मला वाटायचं, बिचाऱ्या! यांना काय माहीत!

*

यंदा डॅनियल आला. तिकडे इंजिनिअर आहे. गॅरेजसमोर, चारचौघांत, त्यानं बापाच्या गाडीची किक हातानं दाबली. हातानं! गाडी चालू.

"बाबा, हिच्यात कॉम्प्रेशनच नाही! कुणीतरी जाड गॅस्केट घालून ठेवलंय. ही तर लहान मूलही चालू करेल!"

सगळे हसले. खारघरचे साहेब जरा जास्तच. काकांनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच आले. "हेड खोल. कंपनीचं होतं तेवढंच पातळ घाल. सात वर्षं सगळ्यांपुढं माझं माकड केलंस. आता तरी फसवू नकोस." आणि माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले.

पाठ केली होती हो त्यांनी! माझ्या एका हातात पातळ, दुसऱ्या हातात जाड. दारातून हुसेनभाई खुणावत होते, जाड घाल, जाड. पण मला त्या म्हाताऱ्याच्या पाठीची लाज वाटली. मी पातळ घातलं. आयुष्यात एकदा इमानदारी केली, ती नेमकी तिथं!

काकांनी किक मारली. पाय अर्ध्यावर अडकला. दुसरी मारली, तिसरी मारली. दहाव्या किकेला गुडघा वळला आणि ते गाडीला धरून खाली बसले. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात रिक्षा थांबली. काका न्याहारी न करता निघाले म्हणून काकू मागोमाग आल्या होत्या. त्यांनी काकांना उठवून स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

काका म्हणाले, "सांग डॅनियलला. तिकिटं काढ म्हणावं."

काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. माझ्याजवळ आल्या, आणि काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "कुठलं घातलंस?"

"पातळ, काकू. कंपनीचं होतं तसं."

त्यांनी स्टुलावरच्या काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग सात वर्षं मी हलवा कशासाठी आणत होते रे?"