माझं जॅकेट वर का सरकत होतं

आज उजनी धरणावर सराव होता. आमच्या बचाव पथकात पाण्याखाली उतरणारी बाई मी एकटीच.

पाण्यात तरंगायला आम्ही हवेचं जॅकेट घालतो. हवा भरली की माझं जॅकेट सरकत हनुवटीपर्यंत यायचं आणि पाठीवरचा सिलिंडर डोक्याला लागायचा. सगळ्यांचा सल्ला एकच, "कमरेचा पट्टा आवळ की." मी तो इतका आवळायचे, की श्वास पुरायचा नाही.

आज वैतागून आमच्या सीनियर काकांचं जॅकेट उचलून पाहिलं. त्याला पाठीकडून मांड्यांमधून पुढं येऊन कमरेला अडकणारा एक पट्टा होता. माझ्या जॅकेटला तो नव्हताच.

विचारलं तर काका पाण्याकडं बघत म्हणाले, "बाईमाणसाला बरं दिसत न्हाय म्हणून मीच काढून ठेवला. तुलाच अवघडल्यासारखं झालं असतं."

मी तो पट्टा मागून घेतला, लावला, क्लिप एका हातानं सुटते का बघितलं आणि उतरले. जॅकेट जागचं हललं नाही.

काका लई चांगले आहेत, त्यांच्यावर रागावताही येत नाही. पण अवघडत होते ते आणि गुदमरत होते मी.

तुमच्या भल्यासाठी म्हणून कुणी असं परस्पर काही काढून ठेवलंय का? एकदा बघून घ्या.