शेजारणीचा कांगा

लेक आठ महिन्यांच्या नातीला घेऊन दार-ए-सलामहून कर्जतला आली, तेव्हा मी औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी होते. भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि नातीकडे हात पसरले. ती काही आली नाही. आईच्या पाठीला एका कापडाने बांधलेली होती, तिथूनच तिने माझ्याकडे टकामका पाहिलं आणि तोंड फिरवलं. कापड पिवळंधमक, कडेला रुंद काळा काठ, मध्ये मोठमोठ्या लाल कोयऱ्या. चला, नक्षी तरी आपली आहे, असं म्हणून मी ते हाताने चाचपलं. लेक म्हणाली, "कोयऱ्या नाहीत गं आई, काजू आहेत ते."

याला कांगा म्हणतात. तिकडच्या बायका एक कमरेला गुंडाळतात आणि तसलाच दुसरा डोक्याखांद्यावरून घेतात, म्हणून तो विकतही जोडीनेच मिळतो. लेकीला ही जोडी तिच्या शेजारणीने दिली होती. या बाईला मी कधी भेटले नव्हते, पण गेलं वर्षभर फोनवर दुसरा विषय नव्हता.

जावई आधी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात होते. तिकडे चांगली नोकरी मिळाली आणि दोघं गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळताच मी तयारीला लागले. जुन्या सुती साड्या उकळून त्यांची दुपटी शिवली, डिंक आणि अळीव आणून ठेवले, मालिशवालीला आधीच सांगून ठेवलं. आणि नेमकी ह्यांची बायपास निघाली. मला ह्यांना सोडून जाता येईना, तिला डॉक्टर विमानात बसू देईनात. सगळं तिकडेच झालं.

लेकीचं पोट कोणी बांधलं? शेजारणीने. गरम पेज कोणी भरवली? शेजारणीने. बाळ रात्री रडलं तर उठून कोण यायचं? तीच. लेक कौतुकाने सांगायची आणि मी "वा, छान" म्हणायचे. फोन ठेवला की डिंकाचा डबा फडताळात आणखी थोडा मागे ढकलायचे. त्या बाईचे माझ्यावर उपकार होते, हे मला कळत होतं. पण खरं सांगते, माझा नुसता जळफळाट होत होता. माझ्या हक्काचं बाळंतपण तिने केलं होतं.

म्हणून आता हा महिनाभर तरी नात माझी, असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या मांडीवर, माझ्या दुपट्यात निजेल. पण पोरीला दुपटं चालेना. पायांवर घेतली, थोपटलं, अंगाई म्हटली, गॅलरीत नेऊन कावळे दाखवले. डोळे मिटायचे ते कांग्यातच.

कांग्याच्या काठालगत एक ओळ छापलेली असते. नक्षीइतकीच ती ओळ पारखून बायका कापड घेतात म्हणे. मी विचारलं, "यावर काय लिहिलंय?"

"आईविषयी आहे," लेक म्हणाली.

कोणत्या आईविषयी, ते मी विचारलं नाही. पण ती ओळ माझ्या कामाला आली. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली. आमच्या घरात छापील कागदाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. मी म्हटलं, अक्षरांवर मूल निजवायचं नाही, वर शू केली म्हणजे? आणि दोन्ही कांगे धुऊन, इस्त्री करून, कपाटात माझ्या साड्यांच्या वर ठेवून दिले.

"आई, तिकडे सगळी मुलं यातच वाढतात."

"तिकडे वाढू देत."

हे पेपर वाचत होते. पेपर न हलवता म्हणाले, "पोटात तुझ्या दुखतंय. सरस्वतीला कशाला मध्ये आणतेस?"

नातीने दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मालिशवाली जवळच्या कोंडाणे गावाहून आली. नातीला तेल लावता लावता म्हणाली, "बाई, हिचं कापड कुठं हाय? द्या की तिला, कशाला रडवताय उगाच? आमच्या वाडीतल्या बाया बी पोर असंच बांधून रानात जातात." म्हणजे हीसुद्धा त्याच पक्षात गेली. मी मुकाट्याने कपाट उघडलं.

पण या दोन दिवसांत प्रवासाच्या दगदगीने लेकीची कंबर धरली होती, तिला पाठीवर ओझं घेता येईना. मग बांधायचं कोणी? मलाच शिकायचं होतं, आणि शिकवणार कोण, तर तीच. लेकीने व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला.

समोर माझ्याच वयाची एक गोल चेहऱ्याची, हसरी बाई आली. मी उगाचच पदर सारखा केला. तिने मांडीवरची उशी उचलली, पुढे वाकून ती पाठीवर घेतली आणि कांगा बांधून दाखवला. लेक मला सांगत गेली. "वाक. अजून वाक. ती पडत नाही. आता कापड वरून घे. एक टोक खांद्यावरून, दुसरं काखेखालून. पुढे ओढून पीळ दे." नात एकदा डावीकडे घसरली, तेव्हा फोनमधून जी हाक आली तिचा अर्थ लेकीने सांगायची गरजच पडली नाही. मी घट्ट ओढलं आणि गाठ मारली.

मी हळूहळू सरळ झाले. नातीचा गाल माझ्या पाठीला टेकला होता. दोन हुंदके दिले, मग श्वास संथ झाला. झोपली. माझ्या पाठीवर झोपली. मला इतका आनंद झाला की मी वळून तिची पाठ फोनसमोर धरली. बघ म्हटलं मनात, नीट बघून घे.

परत वळले तर ती बाई हसायची थांबली होती. उशी तिने पाठीवरून सोडवून पोटाशी घेतली होती. मग तिने लेकीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारते, बाळाला परत कधी आणणार?"

परतीच्या तिकिटाची तारीख घरात सगळ्यांना पाठ होती. मी म्हटलं, "सांग तिला, अजून नक्की नाही. मुक्काम लांबेल म्हणावं."

लेकीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे वळून एक लहानसं वाक्य बोलली. त्यांची भाषा मला येत नाही. पण ती बाई हसली आणि बोटांवर दिवस मोजायला लागली.