शोभा सिस्टरची ड्युटी

आम्ही जुन्या सिस्टर्स कुणाच्या हळदीला भेटलो, की पंगत उठते, किस्से उठत नाहीत. दोन हजारनंतरची ती वर्षं. भिवंडीतल्या एका खाजगी हॉस्पिटलचं एनआयसीयू. म्हणजे अपुऱ्या दिवसांची तळहाताएवढी बाळं आणि आभाळाएवढे डॉक्टरसाहेब!

दारावर साहेबांचीच पाटी : चपला बाहेर काढा. साहेब मात्र बुटांसकट आत! मी नवीन. लादी पुसणाऱ्या हिरामावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "आपल्या चपलेला जंतू हायेत गो. साहेबांच्या बुटाला डिग्री हाय!"

साहेब आले की उभं राहायचं, हा दुसरा नियम. एकदा आमच्या इन्चार्ज शोभा सिस्टर बसूनच राहिल्या. हातात सिरिंज, सिरिंजला नळी, नळीच्या टोकाला बाळ. दूध थेंबथेंब चाललेलं.

साहेब कडाडले, "उठता येत नाही?"

"येतं की सर. पण मग बाळालाही उठावं लागेल!"

*

एकदा साहेब मोबाइलवर गप्पा मारत होते आणि मॉनिटरचा अलार्म वाजायला लागला. एक बाळ श्वास घ्यायचं विसरलं होतं. शोभा सिस्टर त्याचे तळवे चोळत होत्या.

साहेब वैतागले, "अरे, तो आवाज बंद करा!"

तेवढ्यात बाळाने श्वास घेतला. अलार्म थांबला.

साहेब खूश. "बघा, ओरडल्याशिवाय कामं होत नाहीत!"

*

एक नगरसेवक पुतणीचं बाळ बघायला आले, मागे कार्यकर्त्यांची फौज. "मला वलखत न्हाय काय?"

"मी ओळखते हो, बाळ ओळखत नाही," शोभा सिस्टर म्हणाल्या. "हात धुऊन एकटे या, ओळख करून देते."

आत जाऊन त्यांनी ती इवलीशी मूठ बघितली. बाहेर येऊन कार्यकर्त्यांवरच खेकसले, "हळू बोला रे!"

*

आणि हा तर कहरच. बाळांना ऊब देणारा एक वॉर्मर बिघडलेला. कारभार साहेबांच्या मिसेसकडे, म्हणजे मॅडमकडे. त्यांचं ठरलेलं उत्तर, "बघू पुढच्या महिन्यात."

त्यात कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या रफिकभाईंचं बाळ आलं. पाय बर्फासारखे. आई ऑपरेशननंतर अजून गुंगीत. शोभा सिस्टरनी रफिकभाईंना छाती धुवायला लावली, शर्ट काढून खुर्चीत बसवलं, बाळ उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून चादर बांधली.

"हिलना मत."

"साँस तो लूँ ना, सिस्टर?"

हळूहळू बाळाचे पाय गुलाबी झाले. रफिकभाईंच्या डोळ्यांतून धारा, पण पुसायला हात हलवतील तर शपथ!

नेमक्या तेव्हाच मॅडम पाहुण्यांना घेऊन एनआयसीयू दाखवायला आल्या. आणि किंचाळल्या, "हे काय? हा उघडा माणूस कोण?"

शोभा सिस्टर अदबीने उभ्या राहिल्या.

"नवा वॉर्मर, मॅडम. लाइट गेली तरी चालतो!"