जित्या माणसांचे फोटो

नांदेडच्या फलाटावर उतरले तेव्हा नसीरचा पत्ता नव्हता. कला महाविद्यालयात आम्ही एका वर्गात होतो, तेव्हाही त्याची हजेरी मीच लावायची. पुढे दोघेही फोटोग्राफीचे मास्तर झालो, मी नाशिकला आणि तो इथे. विद्यार्थ्यांची प्रदर्शनं भरवता भरवता केस पिकले, स्वतःचं काम मात्र कपाटात पडून राहिलं. आता नसीरचं पहिलं प्रदर्शन लातूरला भरणार होतं, म्हणून मी रात्रभर गाडीत पाठ मोडून घेत आले होते.

"मॅडम, गाडी टायमावर आली, यात माझा काय कसूर?" असं म्हणत तो एकदाचा उगवला.

त्याच्या घरी रेहानाभाभींनी खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) पोटभर खाऊ घातला, वर अर्धापूरची केळी पिशवीत कोंबली. मग फ्रेमा गोधड्यांत गुंडाळून आम्ही निघालो. गोदावरी ओलांडली, विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी उन्हात चमकत मागे गेलं. पुढे काळी रानं आणि तुरीची पिकं. रस्ता असा की फ्रेमा सांभाळता सांभाळता माझीच काच तडकते की काय असं वाटलं.

वाटेत नसीर बोलू लागला. लातूरकडे भूकंप झाला तेव्हा त्याचे अब्बा नांदेडात फोटो स्टुडिओ चालवत होते. पडलेल्या गावांतली माणसं लग्नातले ग्रुपफोटो घेऊन यायची आणि एखाद्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. अब्बा तेवढाच चेहरा मोठा करून द्यायचे, भिंतीवर लावून हार घालायला.

"त्यातलं एक गाव नव्या जागी वसलं," नसीर म्हणाला, "पण तिथं एकट्याचा फोटो म्हणजे मेलेल्याचाच, हे डोक्यात पक्कं बसलं. जित्या माणसाला कॅमेऱ्यासमोर एकटं बसवायला मला किती वर्षं जोडे झिजवावे लागले! आता उद्या ते सगळे आपापले फोटो बघायला येऊन राहिले. त्यातला एक जरी म्हणाला ना, 'माझा खाली घे', तर मी सगळेच उतरवणार."

"सगळे?"

"हाव. अर्धं गाव लावून काय करू?"

लातूरला चौकाचौकात क्लासच्या फलकांवर हुशार पोरांचे चेहरे ओळीनं हसत होते. त्यातले बरेच नसीरनंच टिपलेले. त्याच ओळखीवर एका क्लासच्या सरांनी सुट्टीच्या दिवसापुरता हॉल दिला होता. बाकं एका कडेला सारून संध्याकाळपर्यंत आम्ही फोटो लावले. फळ्यावर भौतिकशास्त्राचं समीकरण तसंच राहिलं.

शेवटची फ्रेम सरळ करून मी मागे सरकले. नुसते चेहरे, खऱ्याहून मोठे. कोणी उसनं हसत नव्हतं, कोणी दुःख दाखवत नव्हतं. मधोमध कोंडाबाई, नसीरनं नाव सांगितलं. कपाळावर भूकंपात कोसळलेल्या माळवदाच्या तुळईनं दिलेली खोक, आणि डोळे असे की आपणच पदर सारखा करावा. इतकी वर्षं शिकवते आहे, पण उजेड माणसाजवळ एवढ्या अदबीनं गेलेला मी पाहिला नव्हता. मला त्याचा हेवा वाटला आणि भरूनही आलं.

सकाळी हॉलवर पोचलो आणि पायाखालची जमीनच सरकली. प्रत्येक फोटोला झेंडूचा हार! खाली उदबत्त्याही. क्लासचे शिपाईमामा मोठ्या कौतुकानं पुढे आले.

"कार्यक्रम म्हनल्यावर प्रतिमापूजन आलंच की, सर. दरवर्षी करतो न्हवं? एक बी फोटो सोडला न्हाई."

नसीर त्यांना रागावलाही नाही. स्टुलावर चढून तो पहिला हार काढणार, एवढ्यात खाली टेम्पो थांबला.

गावची माणसं जिना चढून वर आली आणि दारातच थिजली. आपापले चेहरे, आणि त्यांवर हार. एका बाईनं तोंडाला पदर लावला. मागून एक आजोबा म्हणाले, "ह्यासाठी आनलं व्हय आमाला?" नसीर स्टुलावरून खाली उतरला.

कोंडाबाई मात्र काठी टेकत सरळ आपल्या फोटोपाशी गेली. वर बघितलं, खाली बघितलं.

"ह्यो हार कुनाचा?"

"तुमच्यासाठीच आणला होता, मावशी. चुकून..." नसीर पुटपुटला.

"माझा हाय न्हवं? मंग त्या काचंला कशाला? मला घाल की! म्या जित्ती हाय, लेकरा."

आणि तिनं मान पुढे केली. नसीरनं हार उतरवून तिच्या गळ्यात घातला. ती फोटोखाली वळून उभी राहिली. मग एकेक जण आपला चेहरा शोधत पुढे झाला, हार काढून गळ्यात घालून खाली उभा राहिला. मघाशी तक्रार करणारे आजोबाही. एकच हार फोटोवर राहिला. त्यातले गृहस्थ पावसाळ्यात वारले होते. त्यांच्या बायकोनं वाकडा झालेला हार नीट केला आणि तीही शेजारी उभी राहिली.

थोड्या वेळानं शेजारच्या अभ्यासिकेतून क्लासची पोरं आली. भूकंपानंतर जन्मलेली, पाठीवर दप्तरं. समोर भिंतभर माणसं आणि त्यांच्याखाली तीच माणसं. पोरांनी आपसूक चपला दाराबाहेर काढल्या. "इथं काय परीक्षा हाय का, एवढं गप?" कोंडाबाई म्हणाली, तेव्हा कुठे हॉल हसला. मी कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. हात जोडलेले होते.

एकही फोटो उतरवावा लागला नाही. परतीच्या गाडीत मी मनात सारखी त्या भिंतीकडेच बघत होते. चांगला फोटो कसा टिपावा, हे मी शिकवत आले. त्या फोटोसमोर त्याच्याच माणसाला उभं करायला काय लागतं, हे मला शिकवता येणार नाही.

नाशिकला पोचल्यावर नसीरचा फोन आला. कोंडाबाईनं तिचा फोटो मागून नेला होता.

"घरात नाही लावला," तो म्हणाला. "बाहेर, दाराशेजारी लावलाय. येणारा तो बघून बिचकतो, की आतून ती स्वतःच येते आणि म्हणते, 'या, चहा टाकते.'"