भरडावरची चवळी

माझी जाऊ आणि मी सुपर फॉस्फेटची एकच गोणी आणायचो आणि घमेल्याने वाटून घ्यायचो, एक घमेलं तिला, एक मला. जमिनीचे वाटे पडल्यापासूनची रीत. तिच्याकडे खाडीकाठचा मळा आला, माझ्याकडे घरामागचा उंचावरचा भरड, सगळी लाल माती. त्या वर्षी मी पोचले तेव्हा गोणीचं तोंड आधीच सुटलेलं. मनात पाल चुकचुकली.

भात कापून दोघींनी एकाच दिवशी चवळी पेरली. महिन्याभरात तिची गुडघाभर, माझी जेमतेम वीतभर, पानं काळपट. उपटून पाहिली, तर तिच्या मुळांवर नत्राच्या गाठीच गाठी, माझ्या मुळांवर औषधालाही नाही. म्हटलं, वा गं बाई! चांगलं खत आधी काढून घेतलं आणि मला राख कालवून दिली!

तिच्याकडचा चहा मी बंद केला. ती दगडी गडग्यापलीकडून विचारायची, "चाय पिऊक येतंस गो?" मी कपडे वाळत घालण्यात गर्क. दोघींचे नवरे नोकरीला लांब, आजारपणात हाक मारायला मला तेवढी तीच. तरी तिचं हसणंसुद्धा लबाड वाटायला लागलं.

शेवटी खताची पुडी बांधून कुडाळला कृषी कार्यालयात गेले. तिथला माणूस म्हणाला, "खत ठीक दिसतंय. टाकलंत कसं?"

"कसं म्हणजे? भाताला टाकतो तसं, मुठीने शेतभर फोकून."

त्याने कपाळाला हात लावला. लाल माती म्हणे खतातलं स्फुरद धरून ठेवते, झाडाला देतच नाही. भरडावर ते शेणखतात कालवून ओळीत, बियाण्याच्या खाली द्यायचं. मळ्यातल्या गाळाच्या मातीत फोकलं तरी भागतं. क्षणभर वाटलं, हा जावेच्या माहेरचा तर नव्हे!

तरी तेच उरलेलं खत तसं घालून चार ओळी पेरल्या. तरारून आल्या, मुळांना गाठीही धरल्या. भरडातच बसून मी स्वतःला शिव्या घातल्या.

मग तिच्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, राखेचंसुद्धा. ती चुलीशी पाठमोरी होती.

"गोणी भिजलली. खताचे गठळे फोडूक उघडलंय," ती म्हणाली. चहा पुढे ठेवला आणि समोर बसली.

"फुडच्या वर्साक तुझी गोणी तू आण, गो. माझी मी आणतंय."