पोकळ करंट

माझ्या मेव्हण्याला सगळे सावकाश म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याने काही चूक केलेली नाही. हा माणूस जिनाही पायरीला विचारून उतरतो. त्याची टॅक्सी विजेवरची. रोज घरच्या साध्या प्लगवर नऊ-दहा तास लावून ठेवतो. पंपाजवळच्या फास्ट चार्जरचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडते.

"जोरात भरलेला करंट पोकळ असतो, दाजी. अर्ध्या वाटेत दगा देतो."

मी वायरमन. जेवताना सगळ्यांसमोर शंभरदा सांगितलं, "अरे, युनिट म्हणजे युनिट. नळ जोरात सोडला म्हणून बादलीत पाणी कमी मावतं का? रोजच फास्ट लावलंस तर काही वर्षांनी बॅटरी थोडी थकेल, एवढंच." पण पालथ्या घड्यावर पाणी.

सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, नव्वद किलोमीटर, मध्ये घाट. सोमवारी तिथलं मशीन बिघडल्याने त्यांची पाळी हुकली. बुधवारी अकराच्या आत पोचायलाच हवं होतं. पाय सुजले होते, दम लागत होता. आणि नेमकी आदल्या रात्री आमच्या भागातली वीज गेली.

सकाळी नाइलाजाने पंपाजवळचा फास्ट चार्जर; तिकडे वीज होती. अर्ध्या तासात गाडी अजून दोनशे दहा किलोमीटर जाईल असा आकडा पडद्यावर आला. सावकाशचा चेहरा मात्र उतरलेलाच.

घाट चढताना आकडा भराभर खाली आला. चढच तो, खाणारच. तीस किलोमीटर झाले आणि उरले एकशे चाळीस. त्याने हीटर बंद केला. मागे सासूबाई शालीत कुडकुडू लागल्या.

"बघा दाजी, म्हटलं नव्हतं?"

माथ्यावरच्या खानावळीपाशी त्याने गाडी थांबवली आणि भिंतीतल्या साध्या प्लगला लावली. "तासभर फक्त. खरा करंट भरून घेतो."

मला ठाऊक होतं, दवाखान्यापर्यंत उरले होते साठच किलोमीटर, त्यातही बराचसा उतार. 'चल, काही होत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण समजा जावयाच्या शब्दावर निघालो आणि गाडी रानात बंद पडली तर? मोबाइलला रेंज नाही, मागे दम लागलेली म्हातारी. माझीही पाचावर धारण बसली. गप्प राहिलो. सव्वा तास आम्ही दोघं बाहेर बसून काचेतून त्या आकड्याकडे बघत होतो. तो बारा किलोमीटरने वाढला. सासूबाईंचा श्वास आता काचा लावलेल्या गाडीबाहेरही ऐकू येत होता.

उतारावर आकडा हललाच नाही. दवाखान्याच्या दारात उभे राहिलो तेव्हा शंभरावर किलोमीटर उरले होते. सावकाश ते बघतच राहिला. अकरा वाजून गेले होते; त्यांच्या खाटेवर दुसरा पेशंट होता. नर्सने सासूबाईंना ऑक्सिजन लावला आणि विचारलं, "इतका उशीर?"

"रस्ता बंद होता," मी म्हणालो.

तीनपर्यंत आम्ही बाकावर होतो. दार उघडलं की दोघंही उठून उभे राहायचो. सावकाश एकदाच बोलला, "मी मारलं असतं तिला." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मशीन सुरू झाल्यावर सासूबाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं. तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"त्याला कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर कळत होतं ना?"