सुनंदाताईनं सांगितलेला उपसा

माझी मावसबहीण सुनंदाताई गेल्याचा फोन गेल्या वर्षी एका सकाळी आला. बोरीहून जुन्नरला पोचेपर्यंत तिचं अंग ताठलं होतं. शेजारच्या काकू तिची वळलेली बोटं सरळ करू पाहत होत्या. "जीव कशात तरी अडकला व्हता बाईंचा," त्या म्हणाल्या. "ओढू नका काकू. असू द्या तशीच," मी म्हणालो. ताईचा जीव कशात अडकलेला नव्हता. अंग का ताठतं, हे तिनंच मला आमच्या गोठ्यात सांगितलं होतं...

ताई जुन्नरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी ती आमच्याकडे आली होती, आणि नेमकी तेव्हाच आमची जर्सी व्यायल्यावर आडवी झाली. कान गार, मान कुशीत वळलेली. दुधात कॅल्शियम ओढलं गेलं की रक्तातलं कमी पडतं आणि असं होतं. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सोडत होते, पण अगदी सावकाश, स्टेथोस्कोपनं ठोके ऐकत ऐकत. गाय डोळ्यांदेखत चालली होती. "डॉक्टर, लई हळू चाललंय. सोडा की जोरात," म्हणत मी नळीवरच्या चाकाला हात घातला. ताईनं माझं मनगट धरलं.

"मूठ आवळ. आता उघड," ती म्हणाली. "आवळलीस तेव्हा स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटलं. मूठ उघडायची तर ते उपसावं लागतं. पेशीला बारीक बारीक पंप असतात. थोडं आतल्या कप्प्यात भरतात, थोडं बाहेर फेकतात. हृदयात हे दर ठोक्याला चालतं. एकदम लोट आला तर उपसा पुरा पडायचा नाही. आवळलेलं हृदय सैलच होणार नाही."

"आन् पंपच बंद पडले तर?"

"मेल्यावर पडतात. चालायला ताकद उरत नाही. म्हणून तर मेलेलं अंग ताठतं."

मी हात काढून घेतला. बाटली तिच्या गतीनं संपली. गाईनं ढेकर दिली, शेण टाकलं आणि अंधार पडायच्या आत धडपडत उभी राहिली.

'असंच असतं' हे उत्तर ताईला कधी चाललं नाही. तिची पुस्तकं आता आमच्याकडे आहेत. परवा मुलीनं विचारलं, अंड्यातलं पिल्लू श्वास कसं घेतं? पूर्वी जुन्नरला फोन लावला असता... आम्ही दोघं पुस्तकं उघडून बसलो. आई म्हणाली, "असंच असतंय, जेवून घ्या आधी."

"थांब आजी," मुलगी म्हणाली आणि तिनं पान उलटलं.